सासूबाई आणि कुंगफूचा मॅटिनी

लग्न होऊन मी मुलुंडला आले, तेव्हा सासूबाई मालवणच्या, कडक आणि देवाधर्माच्या आहेत, एवढंच मला ठाऊक होतं. रविवारी जेवणं आटोपली की त्या पातळ बदलून "बाजारात जाऊन येते" म्हणत निघायच्या आणि संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन परतायच्या. सासरे तोवर घोरत असायचे. कुणी काही विचारत नसे.

एका रविवारी त्या दारात थांबून म्हणाल्या, "चल गो माझ्यावांगडा."

बाजार मागे टाकून आम्ही थेट थिएटरवर पोहोचलो. पोस्टरवर एक उघडाबंब माणूस हवेत तिरका उडत होता. आत सगळी कॉलेजची पोरं, रिक्षावाले आणि आम्ही दोघी. बॅटरीवाल्यानं न विचारता सासूबाईंना त्यांची कोपऱ्यातली खुर्ची दाखवली.

पहिली मारामारी सुरू झाली आणि मी डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी कोपर मारलं.

"डोळे उघड. मारणाऱ्याक नको बघू, पडणाऱ्याक बघ."

मी बघायला लागले. एक जाडा दरोडेखोर लाथ खाऊन टेबलावरून पलीकडे गेला. जमिनीला टेकता टेकता त्यानं हनुवटी छातीशी घेतली आणि तळहात फटकन आपटला. मग दोघं एका लाकडी बाकासाठी भिडले. एक बसायला जाई, दुसरा बाक ओढून घेई. क्षणात बाकाची ढाल होई, क्षणात पूल. आणि मध्ये कुठे शॉट तुटतच नव्हता, म्हणजे हे सगळं ते एका दमात करत होते. फुगडीत जशा दोघी एकमेकींच्या भारावर उभ्या असतात, तसे ते शत्रू एकमेकांना सांभाळत होते. मी कधी पुढे सरकून बसले, कळलंच नाही.

इंटरव्हलला वेफर्स खाता खाता सासूबाई त्यांच्या वडिलांविषयी बोलल्या. ते दशावतारात राक्षस व्हायचे. दर जत्रेत मरायचे.

"राक्षस नीट मेलो नाय, तर देवाची काय किंमत?" त्या म्हणाल्या.

त्यानंतर बाजाराला आम्ही दोघी जाऊ लागलो.

श्रावणात समोरच्या काकूंनी माझी मंगळागौर करायची ठरवली. आमच्यात ती पद्धत नव्हती, पण काकूंपुढे कुणाचं चाललं नाही. खेळांत सासू-सुनेचं भांडण असतंच. सासूबाई म्हणाल्या, "आपण खरोखरचा करूया."

आठवडाभर स्वयंपाकघरात तालीम चालली. माझ्या हातात लाटणं, त्यांच्या हातात सूप.

"आधी डोळ्यान सांग, मग मार. मी आधी हललंय तर खोटा दिसतला, उशिरा हललंय तर माका लागतला."

एकदा लागलंच, मनगटावर. मी घाबरले, त्या हसत सुटल्या. नेमका तेव्हा नवरा पाणी प्यायला आत आला. लाटणं उगारलेली बायको, भिंतीला टेकलेली आई. त्याचा चेहरा उतरला.

"काय चाललंय तुमचं?"

"भांडतोय. तू भायर जा," त्याच्या आईनं सांगितलं.

मंगळागौरीच्या संध्याकाळी आमचा हॉल बायकांनी भरला होता. आमचं भांडण नेहमीसारखं गाण्यात सुरू झालं आणि मग गाणं थांबलं. लाटणं सुपावर टाडटाड वाजू लागलं. मी वाकले, सूप डोक्यावरून गेलं. त्या गिरकी घेऊन मागे आल्या. बायका भिंतीला चिकटल्या. मी डोळ्यानं सांगितलं आणि वार केला. सासूबाई उलट्या उडाल्या, लोडावरून गेल्या आणि गादीवर उताण्या पडल्या.

काकू "पाणी आणा" म्हणत धावल्या. सासूबाईंनी एक डोळा उघडला आणि हळूच विचारलं, "बरा पडलंय मां?"

हॉलमध्ये जे हसू फुटलं, ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. आम्हाला सगळं पुन्हा करून दाखवावं लागलं आणि हे कुठे शिकलो, तेही सांगावं लागलं. दारात उभे असलेले सासरे बायकोकडे असे बघत होते, जणू तिला आजच दाखवायला आणलंय.

पुढच्या रविवारी काकू आणि वरच्या मजल्यावरच्या दोघी पिशव्या घेऊन खाली हजर. थिएटरात पाच बायका एका ओळीत बसलेल्या बघून बॅटरीवाला म्हणाला, "मावशी, आज मंडळच आणलंत?" सासूबाईंनी मान डोलावली आणि काकूंच्या कानाशी वाकून, कुणाकडे बघायचं ते त्यांना समजावू लागल्या. पडद्यावर अजून जाहिरातीच चालू होत्या.