विरजण मागायला गेले तेव्हा

बोरगाव मेघेच्या आमच्या गल्लीत बचत गटाच्या बायकांनी एक नियम केला आहे. एखाद्या घरातून मारहाणीचा आवाज आला की शेजारणीने काहीतरी मागायचं निमित्त करून जायचं. भांडण सोडवायचं नाही, उपदेश करायचा नाही. फक्त घरातल्या बाईचा चेहरा बघितल्याशिवाय परतायचं नाही.

नियम ठरला तेव्हा मी मागे बसून मान हलवली होती. पहिला आवाज आमच्याच भिंतीपलीकडून येईल असं वाटलं नव्हतं.

शनिवारी दुपारी आधी भांडं पडलं, मग शेजारच्या वहिनींचं ओरडणं मध्येच थांबलं. आई घरी नव्हती. मी वाटी घेऊन गेले. दार त्यांच्या नवऱ्याने उघडलं. मी विरजण मागितलं. "देतो ना ताई," म्हणत त्यांनी स्वतःच आणून दिलं, अगदी हसून. मी थँक्यू म्हणून परत आले.

गटाच्या अध्यक्ष काकूंना फोन केला.

"तिले पाह्यलं काय?"

"नाही."

"मंग दहीच घेऊन आली? आता कढी कर अन् बस!"

बसवेना. पलीकडे आता काहीच ऐकू येत नव्हतं, ते जास्त वाईट होतं. मी भिंतीशी गेले, खिडकीशी गेले, पुन्हा भिंतीशी. शेवटी रिकाम्या हातानेच बेल दाबली.

"वहिनींशी बोलायचंय."

"झोपली आहे ती."

"मग थांबते."

हे मी बोलले आणि पायरीवरच बसले. ते दारात उभे. तेवढ्यात काकू मेथीची जुडी घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी बसून भाजी निवडू लागल्या.

"काऊन बसल्या इथं?"

"तुमच्या पायरीवर सावली मस्त हाये, भाऊ."

जुडी संपत आली तेव्हा वहिनी बाहेर आल्या. पदर गालावर धरलेला.

"चाल, दवाखान्यात जाऊन येऊ," काकू म्हणाल्या.

"आज नाई."

आत फोन वाजला, नवरा वळला. वहिनी माझ्याकडे वाकून पुटपुटल्या, "सोमवारी येजो. हे कामावर गेल्यावर."

रविवारभर मी टीव्हीचा आवाज कमी करत होते. आई वैतागली.

सोमवारी गेले. वहिनींनी चहा दिला. गालावरचं निळं आता झाकलेलं नव्हतं.

"तक्रारीचा अर्ज कोण लिहून देते?"

"मी," म्हणाले. एकही लिहिला नव्हता.

"तू तं इंग्लिश शाळेतली. मराठी लिहता येते का तुले?"

"हळू येतं."

"मंग हळूच सांगतो. शनिवारपासून सांगू, का लग्नापासून?"

बाहेरून एक मोटारसायकल गेली. दोघींनीही दाराकडे पाहिलं. वहिनी उठल्या, आतून कडी लावली आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"लग्नापासून," मी म्हणाले.