वर्गमुळातलं शून्य

उत्तर बरोबर की चूक, हे बाई कधीच सांगत नसत. शेलूबाजारच्या शाळेत आम्ही मुली पाट्या घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहायचो, आणि पाटीकडे न बघताच त्या म्हणायच्या, "उत्तर तुहं हाय. मले कायले विचारतं? ताळा घे." मग आलेल्या वर्गमुळाचा वर्ग करायचा. दिलेली संख्या परत आली तर सुटलो. नाहीतर पाटी पुसून पुन्हा उजवीकडून दोन-दोन आकड्यांच्या जोड्या पाडायच्या. छळच होता तो. बाई आम्हाला मुळीच आवडत नसत.

शून्यावर त्यांचा भारी डोळा. खाली उतरवलेल्या जोडीत भाग जात नसला, की वर उत्तरात शून्य मांडूनच पुढची जोडी घ्यायची. आम्ही नेमकं तेच विसरायचो. "भाग नाही गेला, म्हणून त्याची जागा गेली का?" असं त्या इतक्या शांतपणे विचारायच्या, की ओरडल्या असत्या तर बरं, असं वाटायचं.

मी सातवीत असताना, परीक्षेच्या तोंडावर केनवडचे पाहुणे मला बघायला आले. लग्न ठरलं की शाळा बंद, हे बाबांनी आधीच बजावलं होतं. मला परीक्षा द्यायची होती. आईने बाईंनाही बोलावलं होतं. मुलाचे मामा शिकलेले. स्वयंपाक, शिवण विचारून झाल्यावर त्यांनी पाटी मागवली, २५३००९ चं वर्गमूळ काढायला सांगितलं आणि स्वतःही कागदावर काढायला बसले.

माझं उत्तर आलं ५०३. मामांचं ५३.

"चुकली पोरगी," मामा म्हणाले. बाबांची मान खाली गेली. गप्प राहिले तर पाहुणे उठून जातील आणि मी सुटेन. मी पाटी पुसायला हात उचलला.

"थांब," बाई म्हणाल्या. "तुहं उत्तर बरोबर हाय का?"

माझ्या मनातलं त्यांना ठाऊक होतं. आदल्याच दिवशी मी त्यांच्यापाशी रडले होते. तरी विचारलं. असा राग आला मला त्यांचा. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी मी पुटपुटले, बरोबर आहे; ५३ चा वर्ग तीन हजारांच्याही आत येतो, अडीच लाख कुठून होणार?

मामांनी ताळा घेतला. कपाळ पुसलं. शून्य मांडायचं राहिल्याचं कबूल केलं आणि म्हणाले, "पोरगी पसंत हाय."

पण बाई लगेच बोलल्या, "पसंत हाय, त परीक्षेले बसू द्या. लगन मंग." बाबांचा चेहरा लाल झाला. मामांना मात्र आता नाही म्हणता येईना.

मी पास झाले. लग्नही झालं. सासरी निघताना बाईंना विचारलं, तेव्हा गप्प का नाही राहिलात? म्हणाल्या, "राह्यली असती, त दुसऱ्या दिशी तुह्या बापानं शाळा तोडली असती. चुकणाऱ्या पोरीले कोण शिकवते?"

पुढल्या वर्षी बाबा आपणहून धाकटीला शाळेत घालायला गेले. नव्या गुरुजींना म्हणाले, "सातवी पास व्हायच्या आंधी हिले कोणी पाह्याले आलं, त मी दारातूनच परत पाठवीन. बाईले तसा शब्द देल्ला मी."

बाईंना तापाने जाऊन तेव्हा महिना होत आला होता.