चार नटांचा टप

आमच्या गल्लीतला हा पिकअपवाला माणसाची तब्येत विचारावी तसं गाडीचं ॲव्हरेज विचारतो. पारनेरहून नगरला भाजी नेताना उघड्या हौद्यात वारा कोंडतो आणि डिझेल खातो, असं त्याचं ठाम मत. म्हणून त्याने ॲल्युमिनियमच्या पाइपांवर वाढदिवसाच्या बॅनरचं जुनं फ्लेक्स ताणून मागे उतरता टप बनवला. वारा कसा सरकतो ते दिसावं म्हणून त्यावर लोकरीचे दोरे चिकटवले आणि मला मोटारसायकलवर मागे पिटाळलं.

"दोरं सरळ उडत्यात का गुतत्यात, तेवढंच बगा."

दोरे सरळ उडाले. ॲव्हरेज वाढलं. तो हसला नाही. रोजचं ॲव्हरेज मांडायच्या वहीत आकडा लिहून मोकळा झाला.

टप मात्र त्याने चार नटांवर बसवलेला. मी म्हणालो, "कायमचे रिव्हेट मारले असते तर अजून हलका झाला असता."

"व्हय. पन मग बाजाराला म्हाताऱ्या कुठं उभ्या ऱ्हातील?"

दर बाजाराच्या दिवशी तो नट सोडून टप काढून अंगणात ठेवतो आणि फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यांना हौद्यात घेतो. एकदा मी त्या दिवसाचं ॲव्हरेज विचारलं. त्याने वहीतली कोरी ओळ दाखवली.

"त्या दिवशी गाडी दारातच हुती, असं धरायचं."