साडूंचं पॉइंट टू-टू

परवान्याचं पिस्तूल बाळगून असलेला इतका निरुपद्रवी माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. हे मी माझ्या थोरल्या साडूंबद्दल सांगतोय. नांदेडला ते जमीन मोजणीच्या खात्यात होते. वीतभर बांधासाठी कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर आलेल्या सख्ख्या भावांच्या मधून त्यांनी सारी नोकरी शांतपणे मोजणीची साखळी ओढली आणि आवाज कधी चढवला नाही. घरात पाल निघाली की मात्र ते पलंगावर चढून उभे राहत, आणि अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी आणि माझ्या मेव्हणीबाई, झाडूनं ती हाकलत. अशा माणसाच्या लोखंडी कपाटात पिस्तूल आहे याचा गल्लीला फार आधार वाटे. एकदा आसपास दोन-तीन घरं फुटली, तेव्हा शेजारची चार माणसं सकाळीच येऊन बसली. "काका, तुमच्यापाशी हत्यार हाय. आता तुम्हीच काय ते बघा." साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि पुष्कळ विचार करून म्हणाले, "माझी ना न्हाई. पण चोराला पंचवीस मीटरवर उभं करा, हलू नको म्हणावं, आणि मला तयारीला दहा मिनिटं द्या." मंडळी चहा पिऊन गेली. पुढच्याच आठवड्यात गल्लीनं एक कुत्रं पाळलं.

नेमबाजीचा नाद त्यांना चाळिशीनंतर लागला. मोजणीच्या दुर्बिणीतून पाहून पाहून डोळा एका रेषेवर ठरायला शिकला होताच. क्लबातल्या जुन्या पिस्तुलावर त्यांनी काही वर्षं हात बसवला, परवाना मिळवला, आणि मग स्वतःचं पिस्तूल शोधायला निघाले. या शोधाला सव्वा वर्ष लागलं. नवी पिस्तुलं त्यांना पसंत पडेनात. निळे-लाल रंग, जागोजागी स्क्रू, वजनाला हलकी. "ही हातात धरली की आपण कायतरी दुरुस्त करून राहिलो असं वाटतं," ते म्हणत. त्यांना हवं होतं जुनं, पोलादी, आखूड बोलणाऱ्या माणसासारखं पिस्तूल. तसं एक हैदराबादच्या एका हत्यारांच्या दुकानात होतं. वयानं जवळपास त्यांच्याच बरोबरीचं, परदेशी बनावटीचं, नळीवरचा काळा रंग टोकाशी उडालेला, आणि आत एका वेळी पाच बारीक पॉइंट टू-टू काडतुसं. ते बघायला साडू सात वेळा रेल्वेनं हैदराबादला गेले. दरवेळी हातात घ्यायचे, डोळ्यासमोर धरायचे, चाप ओढू का म्हणून विचारायचे, नाकाशी नेऊन तेलाचा वास घ्यायचे आणि परत ठेवायचे. सातव्या खेपेला दुकानदार म्हातारा वैतागला. "साब, लेते क्या, खाली सूँगते?" साडू म्हणाले, "लेते." का घेतलं असं मी नंतर विचारलं, तर त्यांनी नळीचं नाव काढलं नाही की नेमाचं. म्हणाले, "बापू, त्याचा चाप वाळलेल्या तुरीच्या शेंगेसारखा तडकतो. आधी कळत न्हाई, आणि मग झालेलं असतं."

त्या दिवसापासून त्यांचा उजवा हात घरकामातून निवृत्त झाला. बादली डाव्या हातानं, पिशवी डाव्या हातानं, स्कूटरची किक अक्कांनी, आणि मी गेलो असलो तर मी मारायची, कारण तोल सांभाळायला उजव्या मुठीवर जोर पडतो. लग्नात कुणी हात मिळवायला आलं की साडू दुरूनच नमस्कार करत. एका जेवणावळीत त्यांनी डाव्या हातानं जिलेबी वाढायला घेतली आणि मुलाकडच्या म्हाताऱ्या मंडळींनी अर्धी पंगत उठवायची तयारी केली. त्याहून अवघड होतं ते श्वासाचं. चाप ओढायच्या आधी श्वास अर्ध्यावर थांबवायचा असतो. याचा सराव ते कुठंही करत, बोलता बोलता, भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत. अर्ध्या वाक्यात माणूस थांबायचा आणि डोळे एका जागी लावून बसायचा. पाहुण्यांनी दोनदा पाणी मारलंय आणि एकदा रिक्षा बोलावलीय. घरात समोरच्या भिंतीवर पेन्सिलीनं काढलेला एक काळा ठिपका होता. रोज संध्याकाळी त्याच्यासमोर उभं राहून नुसता चाप ओढायचा. तोही मोकळा नाही. या पिस्तुलात आघात काडतुसाच्या बुडाच्या कडेवर होतो, आत काही नसलं तर तो नळीच्याच कडेवर बसतो, म्हणून आत उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी ठेवायची. त्या ठिपक्यावर अक्कांना कॅलेंडर लावायचं होतं. ते चौदा वर्षं लागलं नाही.

पिस्तूल कोणतं घ्यावं हे विचारायला लोक त्यांच्याकडं येत, आणि बहुतेक जण न घेता परत जात. धर्माबादचा एक मिरचीचा आडत्या आला होता. अंगानं भरदार, गळ्यात साखळी. त्याला असं काहीतरी हवं होतं की जे कमरेला दिसलं पाहिजे आणि वाजलं तर दोन गावांत ऐकू गेलं पाहिजे. साडू त्याला क्लबाच्या रेंजवर घेऊन गेले. मीही त्या दिवशी लातूरहून आलो होतो. साडूंनी त्याच्या हातात पिस्तूल दिलं आणि एक काडतूस दिलं.

"एकच?"

"हे एक नीट वापरा. मग दुसरं."

आडत्यानं उडवलं. टप असा आवाज झाला. तो खाली बघून राहिला. "काका, याच्यापेक्षा आमच्याकडली टिकली मोठी वाजते की हो." समोरच्या कागदाला काहीच झालं नव्हतं. दुसरं काडतूसही गेलं, तिसरंही. मग त्याचा चेहरा बदलला. त्यानं साखळी काढून खिशात टाकली, पाय फाकून उभा राहिला, साडू सांगतील तसा श्वास घेऊ लागला. तासाभरानं कागदाच्या कोपऱ्यात एक बारीक भोक पडलं, तेव्हा त्या माणसानं दोन्ही हातांनी घाम पुसला आणि म्हणाला, "इतका वेळ गप्प मी जन्मात कधी राहिलो न्हाई." त्यानं पिस्तूल घेतलं नाही. पण दरवर्षी हंगामात लाल मिरचीचं पोतं पाठवतो. अक्का म्हणतात, या पिस्तुलानं आजवर केलेली शिकार एवढीच.

लोकशाहीशी साडूंचं एकाच गोष्टीवरून वाकडं होतं. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात, आणि आपल्याकडं कुठली ना कुठली निवडणूक असतेच. दिल्लीची झाली की मुंबईची, ती झाली की जिल्हा परिषदेची. साडूंचं पिस्तूल मऊ फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठाण्याच्या कोठीत जाई. तिथं दुनाळी बंदुका, गंजक्या तलवारी आणि दारूचे जप्त कॅन यांच्या संगतीत ते महिना-दीड महिना पडून राही. साडू दर मंगळवारी तेलाची बाटली घेऊन हजर. कोठी सांभाळणारा हवालदार आधी चिडे, मग हसायला लागला. "काका, हे पिस्तूल हाय का बाळंतीण हाय? हप्त्याला बघायला येऊन राहिले." पण तो त्यांना समोर बसवून तेल लावू देई. मतदानाला जाताना साडू सगळ्या उमेदवारांच्या नावांवरून बोट फिरवत आणि ज्यानं मागची पोटनिवडणूक ओढवून आणली त्याचा पक्ष सोडून बाकी कुणालाही मत देत.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर लातूरला वयस्कांचे सामने होते. साडू माझ्याकडं उतरले होते. रेंजवर मी मागं खुर्चीवर बसलो होतो. त्यांनी हात उचलला, नेहमीसारखा श्वास अर्ध्यावर थांबवला, आणि हात तसाच खाली आणला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. असं चार वेळा झालं. मला काही कळलं नाही, वाटलं सूर्य डोळ्यावर येत असेल. वेळ संपत आली तेव्हा त्यांनी पाचही गोळ्या एकामागून एक झाडल्या. कागदावर ती भोकं विखुरलेली होती, पाच वेगवेगळ्या माणसांनी मारल्यासारखी. आम्ही घरी आलो. चहा आल्यावर त्यांनी कप बशीवर ठेवला, आणि कप वाजत राहिला.

"मागल्या दिवाळीपासून हाय हे," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, वाढंल. अक्काला म्हाईत हाय. तुम्हाला सांगितलं न्हाई."

मी म्हणालो, औषधं आहेत आता चांगली. त्यांनी मान डोलावली, "हाव."

पिस्तूल विकायचं ठरलं तसे पुष्कळ जण आले. एकाला मुलाच्या वाढदिवसाला फोटोत हवं होतं, त्याला साडूंनी दारातूनच वाटेला लावलं. एकाला नांदेडच्या बाहेर फार्महाऊसवर मोर मारायला हवं होतं, त्याला तर अक्कांनीच पाणीसुद्धा दिलं नाही. शेवटी, मी नांदेडला गेलो होतो त्या दिवशी, आल्या त्या चाकूरच्या एक शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, वय पंचेचाळीसच्या आसपास. दर रविवारी लातूरला येऊन क्लबाच्या पिस्तुलावर सराव करायच्या. परवाना हातात होता, हत्यार नव्हतं. साडूंनी त्यांना काही विचारलं नाही, पिस्तूल दिलं. बाईंनी ते आधी उघडून आत काडतूस नाही ना हे पाहिलं, मग नळी जमिनीकडं धरून उभ्या राहिल्या, आणि हळूच म्हणाल्या, "काका, माझा हात लहान हाय. मूठ पुरत न्हाई."

मूठ पुरणं शक्यच नव्हतं. पिस्तुलाची लाकडी मूठ साडूंनी स्वतः कोरली होती. मुदखेडच्या एका सुताराकडून अक्रोडाचा ठोकळा आणून अकरा महिने कानस आणि पॉलिशपेपरनं घासत, रोज मिटून बघत, रोज थोडी काढत. त्यांच्या प्रत्येक बोटाची जागा तिच्यात होती. अंगठ्याखालच्या जुन्या जखमेच्या उंचवट्याचीसुद्धा.

बाई म्हणाल्या, नवी मूठ बनवून घेते. साडू म्हणाले, "कशाला? लाकूड लई चांगलं हाय. थांबा." त्यांनी दोन स्क्रू काढून मूठ वेगळी केली, बाईंना टेबलाशी बसवलं, हात मिटायला सांगितला, पेन्सिलीनं खुणा केल्या. कानस धरताना कोपर टेबलाला घट्ट टेकवलं. मी करतो म्हणून पुढं झालो, तर अक्कांनी माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात नेलं. चार रविवार ते काम चाललं. शेवटी भुसा त्यांनी वर्तमानपत्रावर गोळा केला, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

कागदपत्रांचे सोपस्कार होऊन पिस्तूल चाकूरला गेलं. परवा मी नांदेडला गेलो होतो. दुपारी जेवून आम्ही बसलो होतो, तर बाईंचा फोन आला, त्या दिवशी त्यांचा पहिला सामना होता. साडू बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मधे दोनदा "बरं" म्हणाले. फोन ठेवून दिल्यावर मी विचारलं, "काय म्हणतायत? कसं काय झालं?"

"अकरावी आली. पण म्हणते, गोळी जरा उजवीकडं ओढून राहिलीय."

"मग? पिस्तुलात काही बिघाड?"

"न्हाई, बिघाड कसला." ते म्हणाले. "माझ्या हातात चौदा वर्षं डावीकडं ओढायची." आणि मग, मला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "म्हणजे तिचं झालं ते."