फाटकं पान

गल्लीत त्यांना सगळे रफूकाकू म्हणत. काही फाटलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. नातीने हौसेने घेतलेली गुडघ्यावर फाटकी जीन्ससुद्धा, ती आंघोळीला गेल्याचं बघून, त्यांनी रफू करून टाकली होती. नात कितीतरी दिवस फुगून बसली होती.

रुसवा गेल्यावर तिनेच आजीला मॉन्स्टेरा नावाचं शोभेचं रोप आणून दिलं. तळहाताएवढी, अखंड, गुळगुळीत पानं. काकूंनी ते परसात मोठ्या कुंडीत लावलं, पानं ओल्या फडक्याने पुसली, लाडाने बोलल्या. रोपाने अंग धरलं आणि सुपाएवढं नवं पान आलं. पण कडेपासून चिरलेलं, मध्ये भोकं!

काकूंचा पारा चढला. "अहो, खरं सांगा, छत्री खुपसलीत ना यात?"

"मी आपला पेपर वाचत असतो गं," काका काकुळतीला आले. "तुझ्या झाडाच्या वाटेला कोण जाईल?"

पुढच्या पानाची सुरळी दिसताच काकूंनी कुंडीशेजारीच शिवणाची खुर्ची टाकली आणि पहारा सुरू केला. सुरळी सावकाश सैल होत गेली. कुणाचं बोटही न लागता आतून पान निघालं, ते फाटलेलंच, आणि काय त्याचा तोरा! काकू खदखदून हसल्या. काकांना न मागता चहा मिळाला.

रविवारी नात आली, दोन्ही गुडघे उघडे. काकूंचा हात सवयीने सुईकडे गेला, तशी ती दाराकडे पळाली.

"थांब गं, पळू नकोस," काकू म्हणाल्या. "मोठं झालेलं पान फाटकंच असतं, कळलंय मला."