डब्यावरचा फोन

आमच्या मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, मोबाईल नको असतो. त्यांना लागायचा तो हॉलमधला तारेचा फोन, आणि तोही एकाच बाईसाठी. त्यांची थोरली बहीण हदगावला राहते. रोज सकाळी दोघांचं चालायचं: काय खाल्लंस, गुडघा कसा हाय, सोयाबीनला भाव काय. आत्याबाईंना आमच्या घरचा तेवढा एकच नंबर पाठ.

तारेच्या फोनची खरखर फारच वाढली तेव्हा माझ्या नवऱ्यानं नेटवरचा फोन घ्यायचं ठरवलं. नंबर तोच राहणार म्हटल्यावर मामंजी तयार झाले, पण कुरकुर सुरूच. "लाईट गेल्यावर?"

"नांदेडात आता लाईट कुठं जाते, बाबा?"

माझा नवरा असं छातीठोक बोलला की मला धडकीच भरते.

माणूस आला, भिंतीवर डबा ठोकून गेला. आवाज खणखणीत. आणि त्याच आठवड्यात सकाळी लाईट गेली ती दुपारपर्यंत आलीच नाही. डबा बंद, फोन मुका. आम्ही दोघं नोकरीवर.

शाळेतून परतले तर फाटकाशी आत्याबाई ऑटोतून उतरत होत्या, डोळ्याला पदर लावून. फोन लागत नाही म्हणजे भाऊ गेलाच, असं धरून ती माउली गाडीत बसली होती. मामंजी दारात दिसले तशी भडकलीच. "मेल्या, जिता हाईस व्हय! सगळी वाट रडत आले की रं!"

मग दोघं पोटभर जेवली, पोटभर भांडली. आत्याबाई दोन रोज राहिल्या. मामंजींना एवढं हसताना मी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

पुढच्या महिन्यातली गोष्ट. शनिवारची सकाळची शाळा करून घरी आले, तर मामंजी दाढीबिढी करून, इस्त्रीचा सदरा घालून दाराकडं तोंड करून बसलेले. डब्याचं बटण बंद.

"मामंजी, फोन का बंद?"

"लाईट न्हाई."

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

मला असा संताप आला! भेटायची हौस म्हाताऱ्याला, आणि जिवाला घोर त्या म्हातारीच्या! पण बहिणीला सरळ 'ये' म्हणायला जीभ रेटत नाही. मी तडक मोबाईलवरून आत्याबाईंच्या सुनेला गाठलं. म्हटलं, "त्यांना सांगा, इकडं सगळं ठीक आहे, घाबरू नका."

सून हसायलाच लागली. "त्या तर सकाळच्याच गाडीनं निघाल्या की. मी म्हणलं, आधी फोन तर लावून बघा. तर म्हणतात, 'नगं बाई. उचलला म्हंजी?'"