सहा ओळींचा हट्ट आणि आत्याची सही

आत्याच्या कमरेला कायम एक सुतळी खोचलेली असायची, वीतभर अंतरावर गाठी मारलेली. कुणाच्याही वावरात गेली की रामराम नंतर; आधी वाकून मक्याच्या दोन ओळींमधलं अंतर मोजणार. चहा घेतेस का विचारलं तर म्हणायची, "थांब, मोजू दे."

सिल्लोड तालुक्यातल्या आमच्या गावच्या शेतकरी गटानं तिला अध्यक्ष केलं ते निव्वळ सहीपुरतं. अनुदानासाठी अध्यक्षपदी बाई पाहिजे होती, म्हणून माझी सख्खी आत्या. आणि सचिव मी. ती मुकाट्यानं सह्या करील, अशी खात्री मीच सगळ्यांना दिली होती. कसली मुकाट्यानं!

मका गुडघ्याएवढा असताना गटानं हार्वेस्टर घ्यायचं ठरवलं. मशीनवर वाद नव्हता. पेटलं ते हेडरवरून, म्हणजे मशीनच्या पुढं जोडायच्या, मका कापणाऱ्या तोंडावरून. शेजारच्या गावाचं हेडर चार ओळींचं होतं, म्हणून आम्हाला सहा ओळींचं पाहिजे. एवढंच कारण, देवाशपथ दुसरं नाही! संभाजीनगरच्या शोरूममध्ये आम्ही त्या सहा ओळींच्या हेडरपुढं फोटो काढत होतो आणि आत्या त्याच्या शेजारशेजारच्या दोन अणकुचीदार टोकांमध्ये, जिथून मक्याची ओळ आत शिरते तिथं, सुतळी ताणून बसली होती.

"ह्ये अडीच फुटाचं हाय. आमचा मका दोन फुटावर."

"थोडं इकडंतिकडं चालतं, मावशी," विक्रेता म्हणाला.

"तुझ्या शर्टाचं बटण इकडंतिकडं चालतं व्हय?"

दोन फुटांचं हेडर मिळत होतं, पण चार ओळींचं. आत्याला तेच हवं होतं. ओळ बरोबर टोकांच्या मधे शिरली नाही तर मक्याचं ताट आडवं होतं, कणीस मातीत जातं, हे तिनं आम्हाला दहादा सांगितलं. आम्ही दहादा हसलो. तिनं सही केली नाही. मक्याला कणसं धरली तरी केली नाही.

शेवटी मला तिच्या घरी पाठवलं. "आत्या, गावात माझी इज्जत चाललीय," मी म्हणालो.

"तुझी इज्जत काय सहा ओळींची हाय का रे? मला सहीपुरती बसवली ना? मग सही माझी."

मग बैठक बोलावली, तिलाच काढायला. हात वर करा म्हणाले. एकेक करत सगळे हात वर गेले. माझाही गेला. आज लाज वाटते, तेव्हा नाही वाटली.

आत्या उठून उभी राहिली. "काढा की! पण कशापायी काढली ते वहीत लिवा. लिवा, हिनं ओळी मोजल्या म्हणून."

पेन माझ्या हातात. दुसरं कारण कुणाला सुचेना आणि ते एक लिहायला माझा हात धजेना. ठराव तिथंच बारगळला. दुसऱ्या दिवशी आम्हीच चार ओळींच्या हेडरचा कागद तिच्यापुढं ठेवला आणि आत्यानं सही केली.

ते गावात यायच्या आठ दिवस आधी आत्या गेली. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही.

कापणी तिच्याच वावरापासून सुरू करायची ठरली. सगळं गाव जमलं. अध्यक्ष व्हायला टपलेले एक तात्या मशीनला घालायचा हार घेऊन पुढं झाले आणि माझं डोकंच फिरलं.

"तिला काढायला ज्यांनी हात वर केला, त्यांनी हार घालायचा नाय!"

तात्या जागीच थांबले. मग मीही दोन पावलं मागं सरलो. हार कुणीच घातला नाही. ड्रायव्हरनं मशीन ओळींत घातलं.

मी त्याच्यामागं वावराच्या टोकापर्यंत चालत गेलो, मातीत पडलेलं कणीस शोधत. एक जरी सापडलं असतं, तरी माझी लाज थोडी कमी झाली असती. नाही सापडलं.